बाटलीवरचं पहिलं वाक्य

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, आणि मग बाटलीचं झाकण फिरवून ती सरळ नाकाला लावली. तो समोर बसला होता. त्याने नेहमीसारखं काहीच केलं नाही. नजर बाटलीवर, हात मांडीवर, चेहऱ्यावर ना हो ना नाही. त्याच्या कामाची रीतच ती होती. किडी-अळ्या मारायच्या औषधांच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते साध्या माणसाला कळलंच पाहिजे, आणि कळतं की नाही हे कंपन्यांनी नव्हे तर सरकारने बघितलं पाहिजे, असा नवा नियम येऊ घातला होता, आणि ही खोली त्यासाठीच मांडलेली होती. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात नळ आणि बादली, खुंटीवर हातमोजे आणि एक जुना शर्ट, टेबलावर बाटली, बाटलीत रंग कालवलेलं पाणी. बाजारातून, बसच्या थांब्यावरून, दवाखान्याच्या रांगेतून माणसांना बोलावून आणायचं, बाटली हातात द्यायची, लेबल वाचायला सांगायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. समजा, ही बाटली तुमच्या घरी आली. आता काय कराल? त्यानंतर गप्प राहायचं. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही, कारण जरा काही दिसलं की माणसं लेबल सोडून समोरच्याचा चेहरा वाचायला लागतात. हा कोरा चेहरा त्याला इतका साधला होता की कचेरीत सगळे त्याला ‘भिंत’ म्हणायचे, आधी पाठीमागे आणि हल्ली तोंडावर.

“ह्याला तर वासच नाही,” बाई म्हणाल्या. बाटली उजेडाकडे धरून त्यांनी हलवून बघितली. “पाणीच आहे ना नुसतं?” तो गप्प. बाई हसल्या, पण हसता हसता त्यांचं हसू मधेच थांबलं. बाटली खाली ठेवून त्यांनी पदराने नाक पुसलं. आपण मघाशीच ‘वास घेणे टाळावे’ असं स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं असावं. “खरं असतं तर तुम्ही सांगितलं असतं ना, साहेब?” त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं, आणि तिथे काही सापडेना तेव्हा त्यांची नजर कावरीबावरी झाली. “धन्यवाद,” तो म्हणाला. “बाहेर चहा ठेवलाय, घेऊन जा.” बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून एकदा बाटलीकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून निघून गेल्या.

वास बहुतेक सगळेच घ्यायचे. त्यात नवं काही नव्हतं, आणि त्यात वेडेपणाही नव्हता. माणूस वाचतो, मग वाचलेलं खरं का ते नाकाला विचारतो. त्याने असे कितीतरी लोक बघितले होते. कुणी हळूच हुंगायचे, कुणी भाजी ताजी आहे का बघावी तसे खोल श्वास घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी तो समोर थंड बसलेला असायचा. कारण पाणीच होतं. पण आज बाई गेल्यावर त्यांचा प्रश्न खोलीतून गेला नाही. खिडकीतून ऊन आलं होतं, ते बाटलीतून गाळून टेबलावर एक हिरवट डाग पडला होता, आणि तो डाग हळूहळू सरकत त्याच्या हाताच्या दिशेने येत होता. तुम्ही सांगितलं असतं ना? त्याला वाटलं, उठावं, जिन्यातच बाईंना गाठावं आणि म्हणावं, हो, सांगितलं असतं. शपथेवर. पण पाय उठेनात. हिरवा उजेड बोटांवर चढला तसा त्याला क्लोरिनचा वास आला. खोलीत क्लोरिन नव्हतं. हा वास आठवणीतला होता.

हिरवं पाणी, पांढऱ्या फरश्या, आणि काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे असलेले आप्पा. आप्पा म्हणजे त्याचे वडील. सरकारी तलावावर त्यांनी आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं. सकाळी कुलूप उघडलं की आधी ओणवं होऊन ओंजळीत पाणी घ्यायचे आणि हुंगायचे. “पाण्याची पाटी बाहेर लावलेली असते,” ते म्हणायचे, “पण पाणी काय म्हणतंय ते नाकाला विचारावं.” नाकाने हो म्हटलं तरच मुलं आत. बाकीचे शिक्षक मुलांच्या पोटाखाली हात धरायचे आणि बोलण्यात गुंतवून हात अलगद काढून घ्यायचे. मूल चार हात पुढे जायचं, मग लक्षात आलं की गटांगळी खायचं, आणि काठावरची मोठी माणसं टाळ्या पिटून हसायची. आप्पांना ते खपायचं नाही. ते सांगून हात काढायचे. “आता हात काढतोय,” असं अगदी साध्या आवाजात, जेवायला ये म्हणावं तसं. आणि लहानपणी त्यालाही ते ओरडून सांगायचे, इथपर्यंत पाय टेकतात, तिथून पुढे टेकणार नाहीत. तो रडायचा. हात काढू नका म्हणायचा. आप्पा म्हणायचे, “काढणारच आहे रे, पण तुला न सांगता नाही.” त्याला अजून आठवत होता तो क्षण, पोटाखालून हात गेल्यावर तिथे लागलेला गार पाण्याचा स्पर्श, आणि भीती वाटली होती तरी फसवलं गेल्यासारखं मुळीच वाटलं नव्हतं.

आता आप्पा त्याच्याकडे राहत होते, किंवा तो त्यांच्याकडे, कारण दोघांत मिळून एकच घर उरलं होतं. त्याचं लग्न जमलं नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. काही महिन्यांपूर्वी आप्पांची भूक गेली, कपडे ढगळ झाले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याला आणि ताईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. एक बाई बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसत होती आणि डॉक्टर बोलता बोलता तिच्या ओल्या पट्ट्यांवरून पाय उचलून ठेवत होते. पोटातला कॅन्सर. पसरलाय. गोळ्या देता येतील, त्यांनी जरा धीमा होईल, बरा होणार नाही. हे सगळं इतक्या स्वच्छ वाक्यांत सांगितलं गेलं की त्याला, कामाच्या सवयीने, लेबल चांगलं आहे असं वाटून गेलं, आणि मग स्वतःचीच किळस आली. ताईने तिथेच डोळे पुसले आणि फर्मान काढलं. “आप्पांना एक शब्द कळता कामा नये. हाय खातील ते. आतड्याला सूज आहे, अशक्तपणा आलाय, एवढंच. आधी जरा ताकद येऊ दे, मग बघू.” ताई थोरली. लहानपणापासून तिने म्हटलं की झालं. तिनेच घरी येऊन गोळ्यांच्या पट्ट्या फोडल्या आणि सगळ्या गोळ्या एका ताकदीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. बाटलीवर उगवता सूर्य होता आणि खाली दोन्ही हात वर केलेला एक आनंदी माणूस. “बघ, कळतंय का काही?” तिने विचारलं होतं. काहीच कळत नव्हतं. ज्याचा जन्म बाटल्यांवरचा मजकूर स्पष्ट करण्यात चालला होता त्याच्याच स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याशेजारी, ती बाटली उभी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नर्सने बजावलं होतं की गोळी दुसऱ्या कुणी नुसत्या हाताने धरायची नाही, म्हणून तो रोज हातमोजा घालून गोळी झाकणात काढायचा आणि झाकण आप्पांपुढे धरायचा. आप्पांना वाटायचं, सरकारी नोकरीने पोराला स्वच्छतेचं खूळ लागलंय.

आणि आप्पा विचारायचे. रोज नाही, पण मधूनच, वर्तमानपत्रातून डोकं वर काढून. “ही गोळी नक्की कशाची रे?” तेव्हा तो तोच चेहरा करायचा, खोलीतला. घरी तो चेहरा वापरावा लागेल असं त्याने कधी मनात आणलं नव्हतं. “ताकदीची,” असं तो म्हणायचा, आणि आप्पा क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधून पुन्हा वर्तमानपत्रात शिरायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या नजरेत आज जे कावरंबावरं दिसलं ते त्याने ओळखलं होतं, कारण ते तो रोज जेवणाच्या टेबलावर बघत होता.

दुपारी समितीची बैठक होती. लांब टेबल, काचेचे पेले, पंख्याखाली फडफडणारे मसुदे. अध्यक्षबाई पेन्सिलीला टोक काढत ऐकत होत्या. त्यांना टोकदार पेन्सिलीशिवाय विचार करता यायचा नाही. वाद एकाच गोष्टीवर अडला होता, लेबलवरचं पहिलं वाक्य काय असावं. नियमाच्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘हे विष आहे.’ मोठ्या अक्षरांत, सगळ्यांत वर. कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणजे एक सुगंधी, गोरेगोमटे गृहस्थ होते, कचेरीत त्यांचं नाव ‘अत्तर’ पडलं होतं. अत्तरांचा विरोध मऊ होता. “आमचं काही लपवायचं म्हणणं नाही,” ते म्हणाले. “पण पहिल्याच ओळीत विष म्हटलं की माणूस हबकतो. हबकलेला माणूस पुढचं वाचत नाही. आधी त्याला जरा विश्वास वाटू द्या. ‘काळजीपूर्वक हाताळावे’ म्हणा. विष आहे हे आत कुठेतरी येईलच की.” त्यांच्या तोंडून ताईच बोलतेय असं त्याला वाटलं. आधी जरा ताकद येऊ दे. मग बघू. पंख्याचा वारा, कागदांची फडफड, अत्तरांचा गोड वास यात तो जरा तरंगल्यासारखा झाला. टेबल लांब होत होत पाण्यासारखं पसरलं आणि त्याच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी शिट्टी घेऊन उभं होतं. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, “चाचणीच्या खोलीचं काय म्हणणं?”

आजवर या प्रश्नावर तो एकच उत्तर द्यायचा. आमचं काम फक्त विचारायचं. आजही ओठांवर तेच आलं होतं. पण तो म्हणाला, “लोक वाचतात. मग वास घेतात.” अध्यक्षबाईंची पेन्सिल थांबली. “वास घेऊ नका असं लिहिलेलं असताना?” “लिहिलेलं वाचून झाल्यावर. आत कुठेतरी लिहिलेलं असतं ना, त्यामुळे ते खरं वाटत नाही. खरं असतं तर कुणीतरी आधीच सांगितलं असतं, असं त्यांना वाटतं.” अत्तर काहीतरी म्हणायला निघाले, पण तो थांबला नाही, इतक्या वर्षांत तो इतकं बोललाच नव्हता, त्यामुळे कुठे थांबायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. “घाबरू दे त्यांना. घाबरणं त्यांचं आहे. ते आपण परस्पर काढून घ्यायचं नाही. पहिलं वाक्य, हे विष आहे.” मग टिपणं घेणारा कारकून म्हणाला, “भिंतीला कान असतात ऐकलं होतं, तोंडही असतं म्हणायचं,” आणि सगळे हसले, अत्तरसुद्धा. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी मसुद्यातल्या त्या ओळीखाली रेघ मारली आणि पुढच्या कलमाकडे वळल्या.

तो चालत घरी निघाला. रस्ता रोजचाच, पण आज त्याला सगळं पाण्याखालून बघतोय असं वाटत होतं. आवाज उशिरा पोचत होते. बागेच्या सामानाच्या दुकानात मांडणीवर बाटल्याच बाटल्या होत्या, प्रत्येकीवर गुलाबाचं किंवा टवटवीत पानाचं चित्र, आणि विष हा शब्द मागच्या बाजूला, बारीक मुंगीएवढा. त्याला वाटलं, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावरच असं एक चित्र डकवलंय. पिशवी घेऊन चाललेल्या त्या माणसावर, फोनवर हसणाऱ्या त्या मुलीवर, दोन्ही हात वर केलेला आनंदी माणूस; आणि मागे, पाठीवर, कुणाला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, प्रत्येकाचं खरं. त्याने नकळत स्वतःच्या पाठीला हात लावून बघितला. समोरून येणारी बाई त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत बाजूला झाली. बैठकीत शहाणपण पाजळून आलो, त्याने स्वतःला म्हटलं, आता घरी जाऊन हातमोजा घाल आणि गोळी काढ. त्याला रडू आलं, भर रस्त्यात, आणि चेहरा तसाच कोरा असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

दार उघडं होतं. आप्पा टेबलाशी बसले होते, दिवा लावायची वेळ झाली होती तरी त्यांनी लावला नव्हता, कारण संध्याकाळचा उजेड त्यांना फुकटचा वाटायचा आणि तो वाया घालवू नये असं त्यांचं मत होतं. टेबलावर दोन कप होते, चहा गाळून तयार, आणि त्याच्या कपाच्या बशीत एक गोळी. पांढरी, कडेला चपटी. ताकदीची बाटली शेजारीच, झाकण उघडं.

“हे काय?” त्याने विचारलं.

“तुझी,” आप्पा म्हणाले. “आरशात बघतोस का कधी? डोळ्यांखाली काय काळं पडलंय. रोज मला ताकदीची गोळी भरवतोस आणि स्वतः वाळत चाललायस. मला आज जरा बरं वाटतंय. घेऊन टाक चहाबरोबर.”

“तुम्ही हाताने काढलीत?”

“मग काय पायाने काढू? हात धुतलेत. घे.”

तो खुर्चीवर बसला. गोळी बशीत होती, तिच्या कडेला चहाचा एक थेंब लागून ती जराशी विरघळली होती. चेहरा आपोआप तयार झाला, वर्षानुवर्षांच्या सवयीने, नजर गोळीवर, हात मांडीवर. काहीही सांगून सुटता आलं असतं. जेवल्यावर घेतो. मला चालत नाही. डॉक्टरांना विचारतो. सगळी वाक्यं एकामागोमाग रांगेत येऊन उभी राहिली, सगळी मऊ, आणि कुठल्याच वाक्यात कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. समोर आप्पा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी बशी बोटाने आणखी थोडी त्याच्याकडे सरकवली.

“आप्पा,” तो म्हणाला, “ही ताकदीची गोळी नाही.”

बाहेर कुणीतरी बादलीत पाणी भरत होतं, तो आवाज बादली भरत जाईल तसा बदलत गेला.

“कॅन्सरची आहे. तुम्हाला कॅन्सर झालाय. पोटात.” त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. मी आणि ताईने.”

आप्पांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत, तसाच धरून ठेवला. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, “म्हणजे हात काढला होतात.” आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. “मला वाटायचं, काहीतरी आहे. पण म्हटलं, असं कसं असेल. हा मला सांगितल्याशिवाय राहायचा नाही.”

त्याने टेबलावर हात ठेवला, आणि जरा वेळाने आप्पांनी त्यावर आपला हात ठेवला. हात हलका झाला होता, पण पंजा अजून रुंद होता, कितीतरी मुलांची पोटं त्यावर तरंगलेली होती. उजेड कमी होत गेला. मग आप्पांनी हात काढला आणि उठून दिवा लावला.

“ते चित्र काढून टाक त्या बाटलीवरचं,” ते म्हणाले. “तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. उगाच हात वर करून उभा. आणि नीट लिही त्यावर. तुझं कामच आहे ना ते?”

त्याने ओल्या फडक्याने कागद भिजवला आणि सूर्य, आनंदी माणूस, सगळं नखाने खरवडून काढलं. हातमोजा घातला, बशीतली गोळी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली, आप्पांना पुन्हा हात धुवायला लावले. मग बाटलीवर कागदाची कोरी पट्टी चिकटवून तिच्यावर जाड पेनाने लिहिलं, समितीला हवं असतं तसं, मोठ्या अक्षरांत. हे कॅन्सरचं औषध आहे. रोज एक, जेवल्यावर. दुसऱ्या कुणी घेऊ नये, दुसऱ्या कुणी नुसत्या हाताने धरू नये. आप्पा खांद्यावरून बघत होते. “पुढे?” त्यांनी विचारलं. “एवढंच असतं, आप्पा.” “नाही,” आप्पा म्हणाले. “खोल किती आहे ते लिही.” पेन थांबलं. मग त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. याने आजार बरा होत नाही. हळू होतो.

“आता विचार मला,” आप्पा समोर खुर्चीत ताठ बसून म्हणाले. “तुमच्या त्या खोलीत विचारता तसं.”

“आप्पा, कशाला…”

“विचार म्हणतो ना.”

त्याने बाटली त्यांच्या हातात दिली. “समजा,” तो म्हणाला, “ही बाटली तुमच्या घरी आली. आता काय कराल?”

आप्पांनी चष्मा लावला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्याने, जिथे थांबायचं तिथे थांबून त्यांनी ते वाचलं. शेवटच्या वाक्याशी आल्यावर आवाज जरा खाली गेला, पण त्यांनी तेही वाचलं. मग झाकण फिरवून काढलं, तलावाच्या काठावर ओणवं व्हायचे तसे पुढे वाकले, आणि बाटली नाकाशी नेली.

तो गप्प बसू शकला नाही. “नको, आप्पा,” तो म्हणाला, आणि हात पुढे करून त्याने बाटली धरली. त्याच्या चेहऱ्यावर जे काय होतं ते आप्पांनी डोळे भरून वाचलं, आणि मगच बाटली सोडली.